बैलाची ‘आतली बाजू’ नेमकी कोणती? जनावरांच्या शरीरातील दिशा आणि हालचालींची भाषा

बेळगावच्या दक्षिणेस वडगाव, शहापूर, अनगोळ आणि येळ्ळूर यांची शिवारे एकमेकांना लागून आहेत. वडगाव म्हटले की मागांची खडखड आणि मंगाई देवीची यात्रा आधी आठवते; परंतु भाताची शेती आणि तिच्याबरोबर गोठाही या भागात टिकून आहे. येथील पशुपालक मराठीत बोलतो, सरकारी कागद कन्नडमध्ये असतो आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते. निपाणीपर्यंतच्या सीमाभागात सर्वत्र हेच चित्र आहे. माणूस आजारी पडला तर दुखऱ्या जागेवर बोट ठेवून दाखवतो. बैलाचे दुखणे मात्र दुसऱ्याला सांगावे लागते आणि हल्ली ते बहुधा फोनवरूनच सांगितले जाते.

‘बैलाच्या मागच्या डाव्या पायाला आतल्या बाजूने वर सूज आहे’ हे वाक्य वरवर पाहता अगदी सरळ आहे. तरीही त्यातील ‘डाव्या’, ‘आतल्या’ आणि ‘वर’ या तिन्ही शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याने एक आणि ऐकणाऱ्याने दुसरा घेतला, असे सहज घडू शकते. गाडीवान बैलांच्या मागे बसतो, म्हणून त्याचा डावा हात आणि बैलाची डावी बाजू एकाच दिशेला असतात. डॉक्टर बैलाच्या तोंडासमोर उभे राहिले की त्यांची डावी बाजू म्हणजे बैलाची उजवी. ‘आतली बाजू’ तर त्याहून फसवी आहे. जोडी जुंपलेली असेल तर शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘आतली’ म्हणजे जोडीदाराकडची बाजू असू शकते. डावीकडे जुंपलेल्या बैलाची जोडीदाराकडची बाजू म्हणजे त्याची संपूर्ण उजवी बाजू. शरीररचनाशास्त्रात मात्र पायाची आतली बाजू म्हणजे त्याच जनावराच्या दुसऱ्या पायाकडे तोंड असलेली बाजू. जोडीदार शेजारी असो वा नसो, तीत फरक पडत नाही.

त्यात भाषांची सरमिसळ. कन्नडमध्ये ‘मेले’ म्हणजे ‘वर’. मराठी पशुपालकाच्या गाभण म्हशीला तपासताना कोणी आपल्या सहकाऱ्याला ‘मेले’ म्हणाले, तर मालकाच्या काळजाचा ठोका चुकायला तेवढे पुरेसे आहे. ‘एड’ म्हणजे डावा आणि ‘बल’ म्हणजे उजवा, हे सीमाभागातील मराठी माणसाला ठाऊक असते. घाईच्या वेळी मात्र ‘बल’ हा शब्द कानावर पडला की मनात आधी ताकदच येते.

या गोंधळाचे मूळ भाषांच्या भिन्नतेपेक्षाही खोल आहे. दिशांचे आपले बहुतेक शब्द दोन पायांवर उभ्या असलेल्या माणसाच्या देहावरून घडले आहेत. मराठीतील ‘पाठीमागे’ हाच शब्द पाहावा. माणसाची पाठ मागच्या बाजूला असते, म्हणून पाठ आणि मागची दिशा एक झाली. कोकणीतही ‘फाट’ म्हणजे पाठ आणि ‘फाटीं’ म्हणजे मागे. गायीला हा हिशेब लागू पडत नाही. गायीची पाठ आकाशाकडे असते आणि तिच्या मागे असते ते शेपूट. माणसाचे पोट पुढे असते, गायीचे खाली. म्हणजे ‘पुढची बाजू’ म्हटल्यावर माणसाच्या बाबतीत छाती आणि पोट डोळ्यांसमोर येते, गायीच्या बाबतीत तोंड.

युरोपातील शरीररचनाशास्त्रज्ञांनाही हीच अडचण आली होती. मानवी अवयवांच्या लॅटिन नावांची प्रमाणित यादी १८९५ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मान्य झाली. तीत ‘अँटिरिअर’ म्हणजे पुढचा, ‘पोस्टिरिअर’ म्हणजे मागचा, ‘सुपिरिअर’ म्हणजे वरचा आणि ‘इन्फिरिअर’ म्हणजे खालचा, असे शब्द होते. उभ्या माणसासाठी ते सोयीचे असले तरी चतुष्पाद प्राण्यासाठी निरुपयोगी. पाळीव प्राण्यांच्या शरीरासाठी ‘नॉमिना अॅनाटोमिका व्हेटरिनेरिया’ ही स्वतंत्र आंतरराष्ट्रीय यादी १९६८ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तीत या मानवी शब्दांना डोळा, कान अशा डोक्यातील काही मोजक्या अवयवांपुरतीच जागा उरली. बाकी सर्व शरीरासाठी दिशा ठरल्या त्या जनावराच्या स्वतःच्याच अवयवांवरून. जनावर उभे असो, आडवे पडलेले असो की शस्त्रक्रियेच्या टेबलावर उताणे असो, या दिशा बदलत नाहीत. जमीन, भिंत किंवा पाहणारा माणूस यांच्याशी त्यांचा संबंधच ठेवलेला नाही.

डोक्याच्या कवटीकडची दिशा ‘क्रेनियल’. शेपटीकडची ‘कॉडल’. पाठीकडची ‘डॉर्सल’, म्हणजे पृष्ठीय. आणि पोटाकडची ‘व्हेंट्रल’, जिला मराठी जीवशास्त्राच्या पुस्तकांत ‘अधर’ म्हणतात. खुद्द डोक्यावर कवटीकडची दिशा सांगून उपयोग नसतो, म्हणून तेथे नाकपुड्यांकडची दिशा ‘रोस्ट्रल’ ठरली. लॅटिनमध्ये ‘रोस्ट्रम’ म्हणजे चोच. नाकापासून शेपटीपर्यंत शरीराचे डावे-उजवे दोन सारखे भाग करणारी एक उभी पातळी कल्पिली की तिच्या जवळचे ते ‘मीडियल’ आणि तिच्यापासून बाजूला सरकलेले ते ‘लॅटरल’, म्हणजे पार्श्व. डावे आणि उजवे हे नेहमी जनावराचेच मानायचे.

वशिंड बरगड्यांच्या पृष्ठीय बाजूस, गळ्याखालची पोळी मानेच्या अधर बाजूस, कास पोटाच्या अधर आणि कॉडल भागात, अशी ओळख करून घेतली की हे शब्द फारसे परके वाटत नाहीत. अडतो तो पाय.

पायाला पाठ नसते आणि पोटही नसते. म्हणून पायासाठी आणखी एक जोडी लागते. धडाच्या जवळचा भाग ‘प्रॉक्सिमल’ म्हणजे समीपस्थ, आणि खुराकडचा भाग ‘डिस्टल’ म्हणजे दूरस्थ. वरच्या वाक्यातील ‘वर सूज आहे’ याचा अर्थ सांध्याच्या वर की खुराच्या वर, हा प्रश्न ‘गुडघ्याच्या समीपस्थ’ म्हटल्यावर उरत नाही. पुढच्या पायात मनगटापर्यंत आणि मागच्या पायात घोट्यापर्यंत पायाच्या पुढच्या-मागच्या अंगाला क्रेनियल आणि कॉडल हेच शब्द चालतात. त्याखाली शब्द बदलतात. तेथे समोरचे अंग ‘डॉर्सल’ होते; मागचे अंग पुढच्या पायात ‘पामर’, म्हणजे तळहाताकडचे, आणि मागच्या पायात ‘प्लांटर’, म्हणजे तळपायाकडचे. हे विचित्र वाटते खरे. कुत्रा पुढचे पाय पसरून बसलेला डोळ्यांसमोर आणला की त्याचे कारण कळते: त्याच्या पंजाचा वरचा भाग पाठीप्रमाणे आकाशाकडे असतो आणि गादीचा भाग जमिनीकडे. गायीने तोच पंजा उभा करून नखाच्या टोकावर तोल घेतला आहे, एवढाच फरक.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाची दखल घ्यावी लागते. गायीच्या पुढच्या पायातील ज्या सांध्याला सर्वजण गुडघा म्हणतात, तो शरीररचनेच्या दृष्टीने मनगट आहे. कोपर त्याच्या बराच वर, छातीला चिकटून असते. मागच्या पायात मागे कोन करून बाहेर आलेला सांधा म्हणजे गुडघा असे पुष्कळांना वाटते आणि मग गायीचा गुडघा उलटा वाकतो, असे मुलांना सांगितले जाते. तो सांधा घोट्याचा आहे. त्याचे मागचे टोक म्हणजे टाच. खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाच्या कडेशी कातड्याच्या घडीजवळ असतो आणि तो माणसासारखाच पुढे वाकतो. लंगडणाऱ्या जनावराच्या मालकाने फोनवर ‘गुडघा सुजला’ असे सांगितले, तर पशुवैद्याला तीन वेगवेगळे सांधे विचारात घ्यावे लागतात ते यामुळेच.

हा शब्दच्छल नव्हे, हे बैलांमधील एका नेहमीच्या विकारावरून स्पष्ट होते. कामाचा बैल चालता चालता मागचा एक पाय ताठ करून मागे ओढू लागतो. खुराचे टोक जमिनीला घासते, मग अचानक झटका बसून पाय सुटतो आणि बैल पुन्हा बरा चालतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. यात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यावर चढून अडकलेली असते. घोड्यात अशीच रचना उभ्या उभ्या विश्रांती घेण्यासाठी उपयोगी पडते. बैलात वाटी नको तेव्हा अडकली की तो विकार ठरतो. या वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणारे तीन अस्थिबंध असतात: आतला, मधला आणि बाहेरचा. वाटी अडकवून ठेवतो तो आतला. उपचार म्हणजे भूल देऊन नेमका तोच अस्थिबंध कापणे. शस्त्रक्रिया छोटी असते आणि बैल पुष्कळदा लगेच मोकळा चालू लागतो. तीनपैकी कोणता कापायचा हे सांगणारा शब्द एकच, ‘मीडियल’. येथे ‘आतला’ म्हणजे जोडीदाराकडचा असा अर्थ कोणी घेतला, तर डावीकडे जुंपलेल्या बैलाच्या डाव्या पायात तो योगायोगाने बरोबर ठरेल आणि उजव्या पायात नेमका चुकेल.

खुरांचेही तसेच. गायीच्या प्रत्येक खुराला दोन नखे असतात. दुभत्या जनावरांतील लंगडेपणाची बहुतांश कारणे खुरातच सापडतात आणि मागच्या पायात ती बहुधा बाहेरच्या नखात असतात, पुढच्या पायात आतल्या. खुरे साळणारा किंवा बैलाला पत्र्या ठोकणारा अनुभवी माणूस पाय उचलल्याबरोबर कोणते नख आधी पाहावे हे जाणतो. त्याच्या तोंडी लॅटिन नसते. हाताला मात्र दिशा पक्की ठाऊक असते.

पोटाच्या आत डावे-उजवे चुकले तर त्याची किंमत आणखी मोठी असते. गायीचे कोटीपोट डाव्या बाजूला असते आणि पोटाची डावी पोकळी जवळपास त्यानेच व्यापलेली असते. ओला हिरवा चारा अधाशीपणे खाऊन पोटफुगी झाली की फुगते ती डावी भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांमधला खळगा. जनावर गुदमरू लागले तर पशुवैद्य तेथूनच ट्रोकार टोचून वायू बाहेर काढतात आणि त्याचे टोक खाली, पुढे व उजव्या कोपराच्या रोखाने ठेवतात. हे काम प्रशिक्षित हातांचेच. परंतु डॉक्टर वाटेत असताना ‘फुगवटा डाव्या भकाळीवर आहे की दोन्हीकडे’ एवढे मालकाने अचूक सांगितले, तरी पोटफुगी आहे की दुसरे काही, याचा अर्धा अंदाज बांधता येतो.

जाळीपोटाची गोष्ट दिशेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. गाय चारा नीट चावून गिळत नाही. तारेचा तुकडा किंवा खिळा चाऱ्याबरोबर पोटात जातो. जड वस्तू जाऊन बसते ती जाळीपोटात, कारण चारही पोटांत तेच सर्वांत पुढे आणि खालच्या अंगाला असते. जाळीपोट आकुंचन पावले की तार रुतते. जाळीपोटाच्या पुढे फक्त छातीचा पडदा असतो आणि त्या पडद्यापलीकडे, काही सेंटीमीटरवर, हृदय. तार मागे गेली असती तर कदाचित निभावले असते. ती क्रेनियल दिशेने सरकते म्हणून प्राणावर बेतते. अशी गाय कोपरे छातीपासून बाहेर काढून, पाठ वाकवून उभी राहते आणि पुढे पुढच्या पायांच्या मध्ये, पोळीच्या भागात सूज उतरते. गर्भ वाढून पोटातले अवयव पुढे ढकलले गेले की हे दुखणे बळावू शकते. बांधकामे आणि वाहनांच्या दुरुस्तीची दुकाने ज्या गोठ्यांच्या शेजारी आली आहेत, अशा वडगावसारख्या उपनगरात हे दुखणे ओळखता येणे अधिकच निकडीचे आहे.

आता हालचालींकडे वळू. सांध्याचा कोन कमी होतो तेव्हा ‘फ्लेक्शन’ आणि वाढतो तेव्हा ‘एक्स्टेन्शन’. मराठीत यांना आकुंचन आणि प्रसारण म्हणतात. हे शब्द परिभाषा समित्यांनी नव्याने घडवलेले नाहीत. वैशेषिक दर्शनात कर्माचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत उत्क्षेपण, अवक्षेपण आणि गमन यांच्याबरोबर आकुंचन आणि प्रसारण आहेत. पाय मध्यरेषेपासून दूर नेणे म्हणजे ‘अॅबडक्शन’ आणि मध्यरेषेकडे आणणे म्हणजे ‘अॅडक्शन’. उच्चारात इतके जवळ असलेले आणि अर्थाने एकमेकांच्या उलट असलेले दोन शब्द एकाच शास्त्राने का ठेवावेत, हे एक कोडेच आहे; अनेक शिक्षक वर्गात या शब्दांची पहिली दोन अक्षरे सुटी करून उच्चारतात. या एका बाबतीत मराठी गोठ्यातली भाषा लॅटिनपेक्षा निश्चितच सरस ठरते. ‘पाय फाकणे’ म्हटले की दुसरा अर्थ निघत नाही.

आणि फाकणे हे प्रत्यक्षात गंभीर असते. विताना वासरू मोठे असेल आणि मार्गात अडकून राहिले, तर गायीच्या ओटीपोटाच्या हाडाला लागून जाणारी ऑब्ट्युरेटर ही नस दबते. मांडी आत ओढणारे स्नायू याच नसेवर चालतात. ती दुखावली की गाय विल्यानंतर उठते खरी, पण गुळगुळीत फरशीवर मागचे पाय दोन्हीकडे फाकत जातात आणि ती बसकण मारते. अशा वेळी पायाखाली माती, वाळू किंवा जाड गोणपाट टाकून, दोन्ही मागचे पाय एकमेकांपासून ठरावीक अंतरावर सैल बांधून ठेवतात, म्हणजे स्नायू फाटत नाहीत. डॉक्टरांना फोनवर ‘गाय उठत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी ‘उठते, पण मागचे पाय फाकतात’ असे सांगितले तर त्यांच्या पिशवीतली तयारी बदलते. न उठणाऱ्या गायीत कॅल्शियमची कमतरता हा पहिला संशय असतो. फाकणाऱ्या पायांची दिशा वेगळी.

काही हालचाली गायीला मुळातच अशक्य आहेत. माणूस तळहात उपडा-उताणा करू शकतो. मांजरालाही पंजा बराचसा वळवता येतो. गायीच्या पुढच्या पायातील दोन हाडे एकमेकांशी जुळून घट्ट झालेली असतात, म्हणून तिचा पाय पुढे-मागेच चालतो. शिवाय तिला गळपट्टीचे हाड नाही. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात आणि छाती त्या स्नायूंच्या झोळीत तोललेली असते. पावसात निसरड्या बांधावरून बैल घसरला आणि पुढचे पाय बाजूला गेले, तर ही झोळीच ताणली जाते.

गोव्यातील वाचकांना हा विषय घाटापलीकडचा वाटण्याचे कारण नाही. गोव्याची स्वतःची ‘श्वेत कपिला’ ही गाय २०२० साली देशी वंश म्हणून नोंदली गेली. तरी दुधाच्या व्यवसायासाठी पुष्कळ गायी-म्हशी राज्याबाहेरूनच विकत आणल्या जातात. व्यवहार मराठीत, कोकणीत किंवा कन्नडमध्ये होतो. आरोग्याचा दाखला आणि विम्याचा कागद मात्र बहुधा इंग्रजीत असतो. कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक जनावराची ओळख पटवतो. त्याच्या अंगावरचा जुना व्रण, आटलेला सड किंवा खुराचा दोष कोणत्या बाजूला आहे, हे मात्र शब्दच सांगतात. दाखल्यावर ‘लेफ्ट कॉडल’ असे लिहिलेला सड म्हणजे गायीचा स्वतःचा डावा, शेपटीकडचा सड. दूध काढणारा गायीच्या उजव्या अंगाला बसला असेल, तर त्याच्या दृष्टीने हा पलीकडचा, मागचा सड. विकत घेणाऱ्याने दाखला हातात घेऊन जनावराच्या मागे, त्याच्याच दिशेने तोंड करून उभे राहावे. मग कागदावरची डावी-उजवी आणि आपली डावी-उजवी जुळते.

मुंबई इलाख्यात परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. तेव्हापासून ही लॅटिन परिभाषा इकडच्या पशुवैद्यांच्या तोंडी आहे. ती गोठ्यापर्यंत पोचायची तर सगळे लॅटिन शब्द पाठ करण्याची गरज नाही. ‘डोक्याकडचा, शेपटीकडचा, पाठीकडचा, पोटाकडचा, दुसऱ्या पायाकडचा, खुराकडचा’ हे सहा मराठी शब्द तेच काम करतात. मात्र दिशा नेहमी जनावराच्या अवयवावरून सांगायला हवी.

याची खरी परीक्षा विण्याच्या वेळी होते. रात्री गाय अडली आहे, बाहेर दोन पाय दिसत आहेत आणि १९६२ या मदत क्रमांकावर किंवा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लागला आहे. पलीकडून पहिला प्रश्न येतो: पाय पुढचे की मागचे? खुरांचे तळवे खाली असले तर बहुधा पुढचे, वर असले तर बहुधा मागचे. पण वासरू उताणे असेल तर हा अंदाज साफ चुकतो. भरवशाची खूण सांध्यांच्या वाकण्यात आहे. खुराच्या वरचा पहिला सांधा वाकवून पाहायचा आणि मग त्याच्या वरचा दुसरा. दोन्ही एकाच दिशेला वाकत असतील तर पाय पुढचा, कारण मनगट आणि त्याखालचा सांधा दोन्ही तळहाताच्या अंगाला वाकतात. पहिला एकीकडे आणि दुसरा त्याच्या उलट वाकत असेल तर पाय मागचा, कारण घोटा पुढच्या अंगाला वाकतो. पाय पुढचे असतील तर त्यांच्यामागे डोके येते आहे का, हे चाचपायचे. मागचे असतील तर शेपूट. दोन पायांपैकी एक पुढचा आणि एक मागचा निघाला, तर तो दोन वासरांचा असू शकतो आणि तेव्हा ओढणे ताबडतोब थांबवायचे. हात धुऊन, नखे कापून, साबणाच्या पाण्याने निसरडा करून घेतलेल्या हाताला हे अंधारातही कळते.